लॅन, वॅन, वाय-फाय, ब्लूटूथ : नेटवर्कचा प्रकार नेमका कशावरून ठरतो?

अनुस्वार :

प्राथमिक पुस्तकांत नेटवर्कचे प्रकार आकारमानाने मांडलेले असतात. हाताच्या अंतरावरचं ते पॅन, इमारतीतलं ते लॅन, शहरभर पसरलं की मॅन आणि त्यापलीकडे वॅन. उतरंड पाठ करायला सोपी आहे. पण ती मनात ठेवून प्रत्यक्ष उपकरणांकडे पाहिलं की काही गोष्टी जुळत नाहीत.

माझा फोन वाय-फायवर आहे आणि प्रिंटर केबलने जोडलाय. माध्यमं वेगळी, तरी दोघं एकाच लॅनमध्ये धरले जातात. उलट भिंतीपलीकडच्या घरातला लॅपटॉप माझ्या फोनपासून चार हातांवर असतो, त्याचा वाय-फाय सिग्नल माझ्यापर्यंत येतो, आणि तरीही तो वेगळ्या नेटवर्कात. मग अंतर हा निकष कसा? माध्यम हा निकष कसा? सीमारेषा नक्की कुठे असते आणि ती कोण आखतं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. व्याख्या नकोत, आत काय घडतं ते हवंय.

खटपट्या :

प्रश्न अगदी मुळाशी नेणारा आहे. माझं उत्तर असं : लॅनची सीमा म्हणजे ब्रॉडकास्टची सीमा. तुमच्या यंत्राने ‘सगळ्यांसाठी’ म्हणून सोडलेला संदेश जिथवर पोहोचतो, तिथवर तुमचं स्थानिक नेटवर्क.

हे नीट कळण्यासाठी फोनकडून प्रिंटरला मजकूर जाताना काय होतं ते पाहू. समजा फोनचा आयपी पत्ता १९२.१६८.१.२० आहे आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मास्कचा अर्थ इतकाच की पहिले तीन आकडे सारखे असतील तर समोरचा आपल्याच नेटवर्कातला. प्रिंटर १९२.१६८.१.५० वर असेल तर फोन ठरवतो की हा घरचाच. पण तारेवर किंवा हवेत प्रत्यक्ष पोच होते ती मॅक पत्त्यावर, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क भागाला दिलेल्या पत्त्यावर. तो ४८ बिटांचा असतो, आणि त्यातले पहिले २४ बिट सहसा उत्पादक कोण ते सांगतात. फोनला प्रिंटरचा आयपी माहीत आहे, मॅक नाही. म्हणून तो सगळ्यांना उद्देशून विचारतो, ‘१९२.१६८.१.५० कोणाकडे आहे?’ प्रिंटर उत्तर देतो, फोन ते थोडा वेळ लक्षात ठेवतो आणि पुढचा मजकूर थेट त्या मॅकवर पाठवतो. या पद्धतीचं नाव एआरपी, ती १९८२ सालची आहे आणि आयपीव्ही४ वर आजही तशीच चालते.

आता फोनला बाहेरच्या सर्व्हरशी बोलायचंय असं धरा. मास्क सांगतो की पत्ता बाहेरचा आहे. मग फोन सर्व्हरचा मॅक शोधतच नाही. तो गेटवेचा, म्हणजे राउटरचा मॅक विचारतो आणि पॅकेट, म्हणजे पत्ता लावलेला मजकुराचा तुकडा, त्याच्या हवाली करतो. राउटर आपल्या तक्त्यात पाहून ते पुढच्या राउटरकडे सरकवतो. प्रत्येक टप्प्यावर मॅक पत्ते बदलत जातात, शेवटच्या ठिकाणाचा आयपी मात्र तोच राहतो. ब्रॉडकास्ट राउटरशी थांबतो, म्हणून सीमा तिथे.

शेजारच्या लॅपटॉपचा सिग्नल तुमच्यापर्यंत येतो हे खरं, पण तो वेगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटशी, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या उपकरणाशी, जोडलेला असतो आणि त्याच्या मागे वेगळा राउटर असतो. तुमच्या फोनची हाक त्याच्या नेटवर्कात शिरत नाही.

शेवंती :

छान समजावलंत. पण फोन हवेतून बोलतो आणि प्रिंटर तारेवर ऐकतो, मग ती हाक एकीकडून दुसरीकडे जाते कशी? आणि घरात तर मला एकच डबा दिसतो. त्यात स्विच कुठला, राउटर कुठला?

खटपट्या :

@शेवंती, बराचसा गोंधळ त्या एका डब्यामुळेच होतो. त्याच्या आत किमान तीन वेगळी कामं चालतात, आणि पुष्कळदा मोडेमही तिथेच असतो.

पहिलं काम स्विचचं. मागच्या बाजूच्या केबलच्या खाचा म्हणजे एक छोटा स्विच. कोणत्या खाचेतून कोणत्या मॅकवरून मजकूर आला हे तो टिपून ठेवतो आणि त्यावरून पुढच्या वेळी फक्त योग्य खाचेतच पाठवतो. पत्ता अजून माहीत नसेल तर आला त्या खाचेखेरीज सगळीकडे सोडतो. जुने हब असा तक्ता ठेवतच नसत, आलेलं सगळं सगळ्यांना. त्यामुळे हबवरच्या दोन यंत्रांनी एकाच वेळी पाठवलं की टक्कर व्हायची.

दुसरं काम अ‍ॅक्सेस पॉइंटचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तो हवेतली वाय-फायची चौकट, म्हणजे मॅक पत्ते लिहिलेलं मजकुराचं वेष्टन, उतरवून घेतो आणि तोच मजकूर, तेच मॅक पत्ते ठेवून इथरनेटच्या, म्हणजे तारेच्या लॅनच्या पद्धतीच्या, चौकटीत तारेवर चढवतो. दोन माध्यमांमधला हा पूल. पुलावरून ब्रॉडकास्टही पार होतो, म्हणून फोन आणि प्रिंटर एकाच लॅनमध्ये येतात.

तिसरं काम राउटरचं. एक तोंड घराकडे, दुसरं सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे.

मोठ्या कार्यालयात हीच तीन कामं तीन वेगळी उपकरणं करताना दिसतात. तिथे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरच्या डब्याचंही कोडं सुटतं.

उत्तरायण :

वाय-फाय, इथरनेट, ब्लूटूथ या गोष्टी एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत, असं पाहिलं तर जास्त उलगडतं. प्रश्न असा : माध्यम एक आणि बोलणारे अनेक, तर पाळी कशी लावायची? इतिहासही याच क्रमाने घडलाय.

१९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन यांच्या चमूने अलोहानेट सुरू केलं. बेटांवरची केंद्रं रेडिओने मुख्य संगणकाशी जोडायची होती. नियम अतिशय साधा : पाठवायचं असेल तेव्हा पाठवा, पोच आली नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवा. थांबायचा वेळ प्रत्येकाने यदृच्छेने निवडायचा, म्हणजे तेच दोघे पुन्हा एकमेकांवर आदळत नाहीत. ही पद्धत गणिताने तपासली तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के उपयोग होतो. वेळेचे ठरावीक तुकडे पाडून तुकड्याच्या सुरुवातीलाच पाठवायचं असं केलं तर तो ३७ टक्क्यांपर्यंत जातो.

१९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी याच कल्पनेला धार लावली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह इथरनेट उभं केलं. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. एका खोलीत बरेचजण बसलेत अशी कल्पना करा : आधी कानोसा घ्यायचा, कुणी बोलत नसेल तरच तोंड उघडायचं, आणि दोघांनी एकदम सुरुवात केली तर दोघांनीही गप्प बसून वेगवेगळा वेळ थांबायचं. इथरनेटचा मूळ नियम हाच. एका जाड को-अ‍ॅक्सियल केबलला सगळी यंत्रं लटकलेली असत. बस टोपोलॉजी (टोपोलॉजी म्हणजे जोडणीची रचना) म्हणून जी आकृती आपण काढतो, ती ही.

आयबीएमने १९८५ साली टोकन रिंग बाजारात आणली ती नेमकी याच्या उलट विचाराने. एक टोकन, म्हणजे पाळीची खूण असलेला छोटा संदेश, यंत्रायंत्रांतून फिरत राहतं आणि ते ज्याच्या हाती असेल त्यानेच पाठवायचं. टक्कर होतच नाही, आणि पाळी उशिरात उशिरा कधी येईल हे आधी सांगता येतं. मला ही रचना फार देखणी वाटते. आणखी एक गोष्ट : तिच्या केबल बहुधा मध्यवर्ती डब्यातून ताऱ्यासारख्या पसरत, पण टोकनचा प्रवास वर्तुळातच होई. दिसणारी रचना आणि चालणारी रचना या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तरी टिकलं इथरनेटच. ते स्वस्त होतं, अनेक उत्पादक ते बनवत होते, आणि पुढे स्विच आले. स्विचला जोडलेल्या यंत्राला जाण्या-येण्याची स्वतंत्र वाट मिळाली, तेव्हा टक्कर हा प्रकारच उरला नाही. आजच्या तारेच्या इथरनेटमध्ये कानोसा घेण्याची गरज पडत नाही.

शेवंती :

मग वाय-फायला अजून का पडते?

उत्तरायण :

हवा वाटून देणारा स्विच नसतो म्हणून. शिवाय रेडिओ स्वतः पाठवत असताना त्याच वाहिनीवर दुसऱ्याचं ऐकू शकत नाही, स्वतःचाच आवाज कोट्यवधी पटींनी मोठा असतो. म्हणजे टक्कर झाली हे त्याला त्या क्षणी कळायला मार्ग नाही. म्हणून वाय-फाय टक्कर ओळखण्याऐवजी टाळायचा प्रयत्न करतं : आधी ऐका, वाहिनी मोकळी दिसली तरी यदृच्छेने थोडं थांबा, मग पाठवा आणि पोच येण्याची वाट पाहा.

यातही एक अडचण उरते. दोन लॅपटॉप अ‍ॅक्सेस पॉइंटच्या दोन विरुद्ध बाजूंना असतील तर ते अ‍ॅक्सेस पॉइंटला ऐकू येतात, पण एकमेकांना नाही. दोघांनाही वाटतं की हवा मोकळी आहे. याला लपलेल्या केंद्राची समस्या म्हणतात. त्यावर उपाय म्हणून ‘पाठवू का?’ आणि ‘पाठव’ अशा छोट्या संदेशांची सोय मानकात आहे. अ‍ॅक्सेस पॉइंटचं ‘पाठव’ दोघांनाही ऐकू येतं, त्यामुळे दुसरा थांबतो.

एकाच वाय-फायवर माणसं वाढली की वेग का पडतो, याचं कारण हेच. डब्यावर छापलेला वेग सगळ्यांमध्ये वाटला जातो, आणि पाळ्या लावण्यातही बराच वेळ जातो. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच : १, ६ आणि ११. तुमच्या शेजारच्याचं नेटवर्क वेगळं असलं तरी हवा तीच असते @अनुस्वार. नेटवर्कची सीमा राउटर आखतो, लहरी ती पाळत नाहीत. वाय-फाय ६ पासून अ‍ॅक्सेस पॉइंट एका वाहिनीचे बारीक भाग पाडून अनेक उपकरणांना एकाच वेळी देऊ शकतो, त्याने गर्दीच्या ठिकाणी बराच फरक पडला आहे.

रानवारा :

चर्चा उत्तम चालली आहे, पण अंतर निकालात काढू नका असं मला कळकळीने सांगायचंय. लॅन-वॅन ही विभागणी उगाच झालेली नाही. तिच्यामागे भौतिकशास्त्र आहे आणि मालकी आहे.

भौतिकशास्त्र आधी. पीळ घातलेल्या तांब्याच्या तारांवर नेहमीचं इथरनेट १०० मीटरपर्यंतच चालतं. त्यापुढे मध्ये स्विच तरी घाला किंवा फायबर तरी. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, कारण काचेत तो निर्वातापेक्षा मंदावतो. म्हणजे १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला विचारून उत्तर परत यायला किमान १०० मिलिसेकंद लागणारच. कुठलाही महागडा प्लॅन घेतला तरी ते कमी होत नाहीत. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, मिळून जवळपास अर्धा सेकंद. व्हिडिओवर बोलताना दोघांची वाक्यं एकमेकांत अडकतात ती यामुळे. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांनी चित्र बदललं ते केवळ अंतर घटल्यामुळे.

आता मालकी. लॅनची केबल तुमची, स्विच तुमचा, बिघडलं तर दुरुस्ती तुमची. वॅनमध्ये मधली वाट दुसऱ्याची असते आणि तुम्ही ती भाड्याने घेता. खंडाखंडांमधली बहुतांश वाहतूक समुद्रतळावरच्या केबलींतून होते. अटलांटिकखालची पहिली फायबर केबल टीएटी-८, ती १९८८ साली सुरू झाली. अशा केबलला नांगर लागला तर दुरुस्तीला जहाज पाठवावं लागतं. मला तरी ‘कोणाचं आहे?’ हा प्रश्न ‘किती मोठं आहे?’ याच्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. मॅनबद्दल फार लिहीत नाही, शहरभराच्या फायबरवर बहुतेक ठिकाणी इथरनेटच चालतं.

खटपट्या :

@रानवारा, मालकीचा मुद्दा पूर्ण मान्य. वेळ लागण्याचाही. तरीही सीमा आखणारी गोष्ट अंतर नाही, यावर मी ठाम आहे, आणि त्याला दोन पुरावे देतो.

पहिला व्हीलॅन. एकाच स्विचला लेखा विभाग आणि पाहुण्यांची बैठकीची खोली जोडलेली असू शकते. प्रत्येक चौकटीवर १२ बिटांचा क्रमांक चिकटवला की स्विच दोघांचे ब्रॉडकास्ट वेगळे ठेवतो. अशी ४०९४ वेगळी नेटवर्कं एकाच रचनेत ठेवता येतात. केबली शेजारी-शेजारी, पण दोघांना एकमेकांशी बोलायचं तर राउटरमधूनच जावं लागतं.

दुसरा पुरावा उलट दिशेचा, व्हीपीएन. दुसऱ्या खंडात बसलेल्या माणसाचा लॅपटॉप सार्वजनिक इंटरनेटवरून, कुलूपबंद पॅकेटांच्या आत पॅकेटं घालून, कार्यालयाच्या आतल्या पत्त्यांशी बोलतो. काही प्रकारच्या व्हीपीएनमध्ये तर ब्रॉडकास्टही पलीकडे नेता येतो.

आता ब्रॉडकास्टला मी इतकं महत्त्व का देतो ते सांगतो. एका कार्यालयात मी काम करत असताना सकाळी सगळं नेटवर्क एकाएकी ठप्प झालं. स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते. शोधत गेलो तेव्हा टेबलाखाली ठेवलेल्या एका साध्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोकं खोचलेली सापडली. मोकळं लोंबणारं टोक कुणीतरी नीटनेटकेपणाने बसवून टाकलं होतं. एवढ्याने होतं काय, की ब्रॉडकास्टची चौकट वर्तुळात फिरायला लागते, दर फेरीला तिच्या प्रती निघतात, आणि इथरनेटच्या चौकटीला आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेटात टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. चौकटीत तशी सोय नाही. काही क्षणांत सगळी वाट या प्रतींनीच भरून जाते.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना शोधला : स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत छोटे संदेश पाठवतात, एकाला मूळ मानतात आणि वर्तुळ बनवणाऱ्या जास्तीच्या वाटा झोपवून ठेवतात. मुख्य वाट तुटली तर झोपलेली वाट जागी होते. तो टेबलाखालचा स्विच अगदी साधा होता, त्यात ही सोय नव्हती, आणि पलीकडच्या मोठ्या स्विचवर ती बंद करून ठेवलेली होती. माझी सगळ्यांना विनंती आहे, वेग थोडा वाढेल म्हणून कुणी सांगितलं तरी ती बंद करू नका.

शेवंती :

ब्लूटूथ राहिलंच. तिथे तर राउटरही नसतो आणि आयपी पत्ताही नाही.

उत्तरायण :

@शेवंती, बरोबर. क्लासिक ब्लूटूथच्या छोट्या गटाला पिकोनेट म्हणतात. त्यात एक उपकरण मुख्य असतं आणि एका वेळी जास्तीत जास्त सात त्याच्याशी सक्रिय असतात. बोलण्याची पाळी मुख्य उपकरणच देतं, त्यामुळे कानोसा घेण्याचा प्रश्न नाही. गंमत त्याच्या वाहिन्यांत आहे : २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ७९ वाहिन्यांवरून सगळा गट सेकंदाला १६०० वेळा, गटातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या क्रमाने, उड्या मारत राहतो. एखाद्या वाहिनीवर वाय-फायचा गोंगाट असला तरी तिथे मुक्काम क्षणाचाच, आणि नंतरच्या आवृत्त्या अशा वाहिन्या टाळायलाही शिकल्या.

घरातले दिवे, सेन्सर यांच्यासाठी झिगबीसारखी मेश नेटवर्कं असतात. तिथे वीजजोडणीवर चालणारं प्रत्येक उपकरण दुसऱ्याचा संदेश पुढे सरकवतं. बॅटरीवरचं सेन्सर मात्र बहुतेक वेळ झोपतं आणि जागं झाल्यावर शेजाऱ्याकडे आपले निरोप विचारतं. प्रत्येकाची प्रत्येकाशी थेट जोडणी करायची तर ५० उपकरणांना १२२५ दुवे लागतील. मेशमध्ये ज्याला जो ऐकू येतो तेवढेच दुवे पुरतात.

अनुस्वार :

बरंच उलगडलं, आभार. आता दोन प्रश्न. वर खटपट्या यांनी दिलेला १९२.१६८ चा पत्ता माझ्याही घरात आहे. जगात दोन यंत्रांचा पत्ता एकच कसा चालतो? आणि ही सगळी घरगुती नेटवर्कं मिळून इंटरनेट बनतं, तर त्याला सांभाळतं कोण?

रानवारा :

पहिल्याचं उत्तर देतो. आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. उपकरणं त्याहून जास्त. म्हणून काही पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवले : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ चे. हे घरोघरी तेच असतात, कारण बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना वाटच नाही. बाहेर जाताना राउटर तुमचा खाजगी पत्ता काढून आपला सार्वजनिक पत्ता लावतो आणि कोणाची विचारणा कोणत्या पोर्टवरून, म्हणजे पत्त्यासोबतच्या कोणत्या क्रमांकावरून, गेली याची नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद पाहून योग्य उपकरणाकडे देतो. याला नॅट म्हणतात. सोय मोठी, पण किंमतही आहे : बाहेरून कुणी आपणहून तुमच्या यंत्राशी जोडणी करू पाहिली तर नोंदच नसते. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा असल्याने तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता देता येतो. मला तोच सरळ मार्ग वाटतो, फायरवॉल नीट लावून.

उत्तरायण :

दुसऱ्याचं मी लिहितो. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कावर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून एसआरआय या संशोधन संस्थेला पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ लिहायचं होतं, दोन अक्षरं पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. पण तेव्हा जोडली जात होती ती एकाच नेटवर्कातली यंत्रं. पुढे रेडिओवरची, उपग्रहावरची, तारेवरची अशी वेगवेगळ्या स्वभावाची नेटवर्कं झाली. त्यांना एकमेकांत जोडण्याची रीत व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडली, आणि १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट टीसीपी/आयपी या त्यातूनच आलेल्या नियमांवर गेलं. आतलं माध्यम कसंही असो, दाराशी आयपी बोला, एवढीच अट. वर चर्चा झालेले इथरनेट, वाय-फाय, उपग्रह हे सगळे एकत्र नांदतात ते या अटीमुळे.

सांभाळणारा एक कोणी नाही. सेवा देणाऱ्या कंपन्या, विद्यापीठं, मोठ्या संस्था यांची स्वतंत्र नेटवर्कं असतात आणि त्यांना क्रमांक असतात. ‘हे पत्ते माझ्याकडून गाठता येतील’ असं ती शेजाऱ्यांना बीजीपी या ठरलेल्या पद्धतीने कळवत राहतात. कळवणं थांबलं तर काय होतं ते ४ ऑक्टोबर २०२१ ला जगाने पाहिलं. फेसबुकच्या अंतर्गत जाळ्यात देखभालीच्या कामात सगळ्या जोडण्या तुटल्या, त्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारे सर्व्हर) जाणारे मार्ग बीजीपीमधून मागे घेतले गेले, आणि सुमारे सहा तास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप गायब होते. सर्व्हर चालू होते. त्यांच्याकडे जायची वाट कुणालाच ठाऊक नव्हती.

शेवंती :

शेवटची एक शंका. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय सुरू केलं आहे. फोन त्यावर असला की प्रिंटर सापडतच नाही. इंटरनेट मात्र व्यवस्थित चालतं.

खटपट्या :

फोन प्रिंटर शोधतो तो एमडीएनएसने, म्हणजे २२४.०.०.२५१ या पत्त्यावर ‘इथे प्रिंटर कोण आहे?’ अशी हाक मारून. ही हाक स्थानिक नेटवर्कापुरतीच असते, राउटर ती पुढे पाठवत नाही. तुमचं पाहुण्यांचं वाय-फाय आतून वेगळं नेटवर्क आहे, आणि त्यावरच्या उपकरणांना घरच्या नेटवर्कातलं काही दिसू नये अशी मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. दोन्हींवर फोनचा आयपी पत्ता पाहा, बहुधा तिसरा आकडा वेगळा दिसेल.

छापायचं असेल तेव्हा फोन मुख्य वाय-फायवर आणा. पाहुण्यांनाही छापू द्यायचं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांच्या नेटवर्काला स्थानिक उपकरणं दिसू देण्याचा पर्याय असतो, पण तो चालू केला की प्रिंटरबरोबर घरातलं बाकी सगळंही उघडं पडतं. मी तो बंदच ठेवतो.